घरात जिना नाही

माझा दादा एका बोटाने टाइप करतो. उजव्या हाताचं पहिलं बोट वर उचलायचं, अक्षर शोधायचं, सापडलं की त्याच्यावर डास मारल्यासारखं हाणायचं. दवाखान्यात कॉम्प्युटर येऊन इतकी वर्षं झाली, पण दुसरं बोट काही कामाला लागलेलं नाही. मी म्हणते, बाकीची नऊ काय पेन्शनवर आहेत का? तो म्हणतो, ती पेशंट तपासायला लागतात.

मी त्याची धाकटी बहीण. दवाखान्याचं काउंटर माझ्याकडे. नंबर लावायचे, फोन घ्यायचे, रडणाऱ्या पोरांना वजनकाट्यावर उभं करायचं, आणि पेशंटची बोलणी खाऊन ती दादाला दुप्पट परत द्यायची, अशी एकूण नोकरी. जागा म्हणजे दोन खोल्या. बाहेर दोन बाक आणि मी. आत दादा, त्याचं टेबल आणि तपासायचा पलंग. मधलं दार फुगलेलं आहे, ते पूर्ण कधीच लागत नाही. म्हणून आतलं निम्मं बोलणं मला ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी जुळवते.

तसं आत बोलणं होतंच किती म्हणा! दादा डॉक्टर म्हणून चांगला, हाताला गुण आहे, पण तोंडाने घुम्या. पेशंटने दहा वाक्यं बोलावीत, तर हा "हं" म्हणणार. "जीभ दाखवा" म्हणणार. "पाच दिवस घ्या" म्हणणार. संपलं. त्याच्या पोटात जे काही असतं ते सगळं उतरतं त्या एका बोटातून, कॉम्प्युटरमध्ये.

आणि काय काय उतरतं! दुसरे डॉक्टर लिहितात ताप, खोकला, अमुक गोळी. आमचा दादा लिहितो, "गोळ्या घेतो म्हणतो. घेत नाही. बायकोला विचारणे." एका बाईंच्या नोंदीत लिहिलेलं, "गुडघे ठीक आहेत. सून बोलत नाही, ते दुखतंय." रोज सकाळी येऊन बाकावर बसणारे एक आजोबा आहेत, त्यांच्या नोंदीत, "रेडिओ. बंद करायचं बटण सापडलेलं नाही. रक्तदाब उत्तम." माणूस वर्षाने आला, तरी दादा ती एक ओळ वाचतो आणि त्याला तो माणूस आख्खा आठवतो. त्याची पद्धतच ती. आणि ती ठीक चालली होती, कारण वाचणारा एकटा दादा होता.

मग आला नियम.

नियम घेऊन आला एक टायवाला. कॉम्प्युटरचा प्रोग्राम ज्या कंपनीचा, तिचा माणूस. उकाड्याने आमच्या जिवाची काहिली होत होती आणि याचा टाय गळ्यापर्यंत घट्ट. तो म्हणाला, पेशंटची नोंद ही पेशंटची मालमत्ता आहे. सोमवारपासून ती ज्याची त्याला त्याच्या फोनवर दिसणार. दुसऱ्या दवाखान्याने मागितली आणि पेशंट हो म्हणाला, तर तिकडेही पाठवायची. अडवून ठेवली तर गुन्हा.

"बरं," मी म्हणाले, "म्हणजे रिपोर्ट वगैरे."

"सगळं, मॅडम. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेला शब्द न् शब्द. जुन्या नोंदीसुद्धा."

मी पुढे सरकले. "खोडता येतं का?"

"येतं ना. पण कोणी, कधी आणि काय खोडलं तेसुद्धा पेशंटला दिसतं." हे त्याने अशा कौतुकाने सांगितलं, जसं काही ते त्याचं पोरगं आहे आणि पहिलं आलंय.

मी कपाळावर हात मारला. दादा मात्र शांत. "मी कुठे खोटं लिहिलंय?" म्हणाला.

"अरे, खरं लिहिलंयस, तोच तर घोळ आहे!"

टायवाला दोघांच्या सह्या घेऊन गेला. दुपारी दवाखाना बंद असताना मी नोंदी वाचायला बसले. सोमवारी कोण कोण भांडायला येणार, निदान एवढं तरी आधी कळावं. खोटं कशाला सांगू, पहिला तासभर हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या स्वतःच्या नोंदीत लिहिलं होतं, "पित्त. स्वभावानेच." त्याचा हिशेब नंतर करायचं ठरवून मी पुढे गेले, आणि घड्याळवाल्याच्या बायकोची नोंद उघडली.

चौकाच्या पलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि मागे दोन खोल्यांत घर. तो गोड बोलणारा, कपड्यांना इस्त्री, येता-जाता सगळ्यांची विचारपूस करणारा. ती गप्प. नोंदीत सगळ्यात खाली होतं, "मनगट. जिन्यावरून पडले म्हणते." त्याच्या वर, "खांदा. पुन्हा जिना." आणि सगळ्यात वर, नुकतंच, प्लास्टर घातलं त्या दिवशीचं, "तेच मनगट. पिरगळून मोडलंय. जिन्यावरून पडले म्हणते. नवरा शेजारी बसलेला. हिच्या घरात जिना नाही."

दादा पूर्वी घड्याळवाल्याच्या आईला तपासायला त्या घरी गेलेला, म्हणून त्याला माहीत. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. कारण नोंदीच्या डोक्यावर फोन नंबर होता, आणि तो घड्याळवाल्याचा होता. त्या घरात फोन एकच, आणि तो त्याच्या खिशात.

दादा चहा पीत होता. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "सोमवारी सकाळी हे त्याच्या हातात पडणार. तो वाचणार. मग ती घरी आहे आणि तो घरी आहे. कळतंय का तुला?"

दादाने कप खाली ठेवला. "अडव ते," म्हणाला.

अडव! जसं काही मी धरणावर बसलेय. टायवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, अडवता येतं मॅडम, जिवाला धोका असेल तर नियमात तशी सोय आहे. मला हायसं वाटलं. मग म्हणाला, फक्त फोनवर एक संदेश दिसतो: 'आपल्या सुरक्षिततेसाठी डॉक्टरांनी या नोंदीतला काही भाग राखून ठेवला आहे.'

"अहो, मग दवंडीच पिटा ना! त्याला काय, वाचता येत नाही?"

"संदेश बंद करायची सोय पुढच्या वेळी येईल, मॅडम."

मग मदतकेंद्र. एक दाबा, दोन दाबा, तेच ते संगीत, आणि शेवटी एक पोरगी आली. मी म्हणाले, पेशंटचा फोन नंबर बदलायचाय. ती म्हणाली, अगदी सोपं आहे, जुन्या नंबरवर एक कोड जाईल, तो पेशंटने आम्हाला सांगायचा.

"जुना नंबर नवऱ्याचा आहे."

"हो मॅडम, मग त्यांना विचारून सांगा."

"त्याच्यापासूनच तर लपवायचंय, बाळा!"

"आमच्या हातात तेवढंच आहे, मॅडम. मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

"आणखी? आधी काही केलीस का?"

माझा आवाज इतका चढला, की दादा उठून दार लावायला गेला. ते लागलं नाहीच. पोरीने घाबरून वरच्या साहेबांना फोन दिला. साहेब सावकाश, जांभई देत म्हणाले, पेशंट स्वतः ओळखपत्र घेऊन दवाखान्यात आला, तर सही करून फोनची जोडणीच काढून टाकता येते. मग फोनवर काहीच जात नाही, साधा संदेशसुद्धा नाही. लागेल तेव्हा दवाखान्यातून मागून घ्यायचं. मात्र सोमवारच्या आत.

"हे मघाशी सांगायला काय झालं होतं?"

"मघाशी तुम्ही हे विचारलं नव्हतं, मॅडम."

अशा माणसांना सुखाने झोप कशी लागते, मला खरंच कळत नाही.

म्हणजे आता तिला सोमवारच्या आत दवाखान्यात आणायचं, आणि एकटीला आणायचं. इथेच घोडं पेंड खात होतं. ती कधी एकटी आलेलीच नाही. तो बरोबर असतो, कोपराला धरून आणतो, आत तिच्या शेजारी बसतो, दादाने तिला विचारलं की उत्तर तो देतो. बाहेर बाकावरच्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मीही एकदा म्हटलं असेन.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेले. डोळ्याला भिंग लावून तो कुठल्याशा घड्याळाच्या पोटात बघत होता. मी म्हणाले, डॉक्टरांना प्लास्टर एकदा बघायचंय, आजच घेऊन या, येताना तिचं ओळखपत्रही आणा.

"अहो ताई, तुम्ही कशाला उन्हातून आलात? फोन करायचा ना!" त्याने भिंग काढलं. "आणतो मी तिला. आणि ओळखपत्र कशाला?"

"नवा कायदा. सगळ्यांचंच मागतोय. माझा तर जीव नकोसा झालाय." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

अकराच्या सुमाराला ते दोघं आले. बाकावर रेडिओ आजोबा नेहमीच्या जागी होतेच. तिचा नंबर पुकारला तशी ती उठली, तोही उठला, हात तिच्या कोपराखाली. मी काउंटरवरून उठले आणि दारात आडवी उभी राहिले.

"तुम्ही बाहेर थांबायचं."

"मी?" तो हसला. "अहो, मी नेहमी आत असतो."

"नेहमीचं संपलं. नवा नियम आला आहे. आत फक्त पेशंट. बाई असेल तर सोबत दवाखान्यातली बाई. गोपनीयता म्हणतात त्याला."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. आम्ही आजच सुरू केलाय, सवय व्हावी म्हणून."

"पण मी नवरा आहे."

"नियमात नवरा हा शब्दच नाही हो. मी तरी काय करू? मोठा दंड आहे, आणि तो काय तुम्ही भरणार आहात का?"

असा कुठलाही नियम नव्हता. ज्यांच्या नावाने मी बोटं मोडत होते, त्यांच्यासारखाच एक मी जागच्या जागी तयार केला, आणि तो त्यांच्या सगळ्या नियमांपेक्षा झकास चालला. चार लोकांसमोर आवाज चढवणाऱ्यातला तो नव्हताच. त्याने तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती. तेवढ्यात रेडिओ आजोबांनी बाकावर थाप मारली. "या घड्याळवाले, बसा! माझ्या घड्याळाची काय गंमत झाली सांगतो. सुरुवातीपासून सांगतो." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या आजोबांना नमस्कार करावासा वाटला.

आत जाऊन मी दाराला खांदा लावला आणि सगळं अंग टाकून ढकललं. दार लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दादाने काय करावं? बोलावं, समजावून सांगावं, काहीतरी! त्याने नुसती स्क्रीन तिच्याकडे फिरवली. ती वाचू लागली. वरून खाली, मग परत वर. बाहेर आजोबांचा आवाज चालू होता. "घरात जिना नाही" ही ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, डॉक्टर."

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यांदा शंका आली. दुसऱ्यांदा खात्री झाली."

"मग मला का नाही बोललात?"

दादाने कीबोर्ड बाजूला सारला. "तो शेजारी बसलेला असायचा," म्हणाला.

"तो तर असतोच." तिचा आवाज अगदी साधा होता, रडका नाही, काही नाही. "मी घरी गेल्यावर मनात म्हणायची, डॉक्टरांना पटलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला जिना पटला, म्हणजे आता कोणालाही पटेल. मग मी सांगून कोण विश्वास ठेवणार? म्हणून सांगितलंच नाही कोणाला. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही."

मला दादाचा इतका राग आला, की त्याचं ते बोट धरून पिरगळावंसं वाटलं. सगळं दिसतं, सगळं कळतं, आणि सांगायचं कोणाला, तर कॉम्प्युटरला! "बोल की रे काहीतरी!" मी ओरडलेच, जमेल तेवढ्या हळू आवाजात.

"चुकलो मी," दादा तिला म्हणाला. "बोलायला हवं होतं."

माझा भाऊ चुकलो म्हणाला, हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारचं प्रकरण मी तिला सांगितलं. तिने एकदाच विचारलं, "त्याला काहीच दिसणार नाही ना?" नाही म्हटल्यावर डाव्या हाताने सही केली, उजवा प्लास्टरमध्ये होता. मी म्हणाले, तू आत्ता माझ्या घरी चल, बाहेर त्याचं काय करायचं ते मी बघते. ती म्हणाली, "आज नको, ताई. आज तो सावध आहे." मग स्क्रीनकडे बोट दाखवून तिने दादाला विचारलं, "हे दुसऱ्या गावच्या दवाखान्यात पाठवता येतं?"

"तिथून मागितलं आणि तू हो म्हणालीस, की लगेच."

"बहिणीच्या गावी सरकारी दवाखाना आहे." ती उठली, पदर सारखा केला. "यातलं एक अक्षरही खोडू नका."

बाहेर तो चटकन उभा राहिला. "काय म्हणाले डॉक्टर?"

"हाड जुळतंय म्हणाले," ती म्हणाली, आणि त्याने तिच्या कोपराला हात लावला.

सोमवारी काय झालं ते विचारू नका. दार उघडायच्या आधीच गुडघेवाल्या बाई फोन हातात घेऊन उभ्या. "सून बोलत नाही हे डॉक्टरांना कोणी सांगितलं?" म्हणून माझ्यावर घसरल्या. गोळ्या न घेणाऱ्याची बायको त्याला कानाला धरून आणावं तसं घेऊन आली. आणि रेडिओ आजोबा आपली नोंद येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत होते, त्यातलं फक्त "रक्तदाब उत्तम" मोठ्याने. मी फोन घेऊन घेऊन वैतागले. दुपारी उगाचच चौकात जाऊन आले. घड्याळवाला भिंग लावून बसला होता, फोन शेजारी निपचित पडलेला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

प्लास्टर काढायचा दिवस आला आणि ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, एकटा. इस्त्री नव्हती. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "ती कुठे गेलीय?"

"मला काय माहीत?"

"तिची नोंद बघा. कुठल्या दवाखान्याने मागितलीय का बघा. मला सगळं माहीत आहे, आता सगळं कॉम्प्युटरवर दिसतं."

"पेशंटशिवाय कोणाला सांगता येत नाही."

"मी नवरा आहे तिचा!" या वेळी आवाज चढला. बाकावरची माणसं वळून बघू लागली.

"नियम आहे," मी म्हणाले. आणि या वेळी तो खरोखरच होता.

तो गेला, पण माझ्या जिवाला घोर लागला. नोंद कोणीच मागितली नव्हती. ती बहिणीकडे पोचली, की कुठे अडकली, की आणखी काही? दादाला विचारलं तर तो "हं" म्हणायचा. पण मी बघत होते ना, दर दोन पेशंटमागे तो ती नोंद उघडायचा आणि बंद करायचा. त्या दिवसांत तो पेशंटशी मात्र बोलायला लागला होता. अवघडून, अडखळत, पण तोंडाने. गुडघेवाल्या बाई आत गेल्या, तर चक्क "सून काय म्हणते?" असं ऐकू आलं. बाई अर्ध्या तासाने बाहेर आल्या. माझे सगळे नंबर कोलमडले.

आणि मग एका सकाळी स्क्रीनवर लाल चौकट उघडली. दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्याची मागणी, घड्याळवाल्याच्या बायकोची नोंद हवी. पेशंटची संमती आहे. फोन नंबर नवा.

दवाखान्यात का गेली ती? पुन्हा काय मोडलं? तो पोचला का तिथे? "दादा!" मी अशी ओरडले, की तो पेशंटच्या छातीला लावलेला स्टेथोस्कोप तसाच कानात घेऊन बाहेर आला. मी 'पाठवा' दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या कंपनीला शिव्या न घालता काहीतरी दाबलं. तशी नोंद दोन्हीकडे जोडली गेली, त्या दवाखान्याने लिहिलेलंही आमच्याकडे उघडलं, आणि आम्ही दोघं डोकं एकत्र करून वाचायला लागलो.

"सर्दी, खोकला. ताप नाही. नवीन इजा नाही."

सर्दी! त्या सर्दीवरून जीव ओवाळून टाकावा असं वाटलं मला. दादा मात्र हलला नाही. खाली आणखी एक ओळ होती, त्या डॉक्टरने नेहमीप्रमाणे विचारलं असणार, त्याचं उत्तर. दादाने आपलं ते एक बोट स्क्रीनवर टेकवलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं.

"उजवं मनगट, जुनं फ्रॅक्चर. कसं झालं विचारल्यावर पेशंट सांगते, नवऱ्याने पिरगळलं."